यंत्राचा आंकडा आणि माणसाचा निवाडा

क्ष-किरणचित्र वाचून क्षयाची शंका सांगणारें यंत्र आलें, आतां माणसाच्या चुकीस जागाच उरली नाहीं, असें कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणूं लागली आहेत. हा निव्वळ भ्रम होय. २०१६ सालीं मुंबईंत निघालेल्या क्यूर डॉट एआय या कंपनीनें अशी प्रणाली घडविली. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें १५ वर्षें व त्यावरील वयाच्या लोकांच्या चाळणीसाठीं अशा प्रणालींस संमति दिली. चाळणीसाठीं, अंतिम निदानासाठीं नव्हे!

असंख्य चित्रें पाहून शिकलेलें यंत्र अखेर सांगतें काय? शंकेचा एक आंकडा. तो कोणत्या मर्यादेपलीकडे गेला असतां थुंकी तपासावयाची, हें माणूसच ठरवितो. मर्यादा वर नेली तर खर्च वांचतो, पण लालबाग-परळच्या कोंदट खोलींतला खरा रोगी खोकत घरीं परततो; खालीं आणली तर निरोगी माणसांचीही रांग लागते. हा निवाडा गणिताचा नव्हे, कर्तव्याचा आहे.

तज्ज्ञांची वाण असतां यंत्र नाकारणें करंटेपणाचें ठरेल. परंतु ती मर्यादा कोणीं व कशासाठीं ठरविली, हें उघडपणें सांगितलें गेलेंच पाहिजे. रोग निसटल्यावर ‘यंत्र चुकलें’ ही सबब चालावयाची नाहीं.