दोन सेंटांचा हिशेब

मिशनऱ्यांबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक, शाळा-दवाखाने काढणारी थोर माणसे. दुसरे, सगळा खटाटोप धर्मांतरासाठी. दोन्हींत तथ्य आहे. पण पैसा कोणी जमवला आणि तो कोणाच्या सहीने खर्च झाला, हे दोन्ही बाजूंचे लोक विचारीत नाहीत. आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला आधी तेच सुचते.

२३ मार्च १८६९ रोजी अमेरिकेत, बोस्टनच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये वादळी हवेत अवघ्या आठ बायका जमल्या. त्यांत क्लेमेंटिना बटलर आणि लोइस पार्कर या दोघी हिंदुस्थानात राहून गेलेल्या मिशनऱ्यांच्या पत्नी होत्या. इथल्या पडद्यातल्या बायकांपर्यंत पुरुष डॉक्टर किंवा मास्तर पोहोचत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्या दिवशी ‘वुमन्स फॉरेन मिशनरी सोसायटी’ निघाली. वर्गणी वर्षाला एक डॉलर. पुढे ‘आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना’ हे तिचे ब्रीदच झाले. ५२ आठवड्यांचे होतात १ डॉलर ४ सेंट. नवऱ्यापुढे हात न पसरता घरखर्चातून बाजूला पडेल एवढीच ही रक्कम.

चर्चच्या मुख्य मिशन मंडळाला हे रुचले नाही असे नव्हे. बायकांनी पैसे जमवावेत, कारभार आमच्यावर सोडावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते! बायकांनी ते मानले नाही. मग अट पडली की चर्चच्या सार्वजनिक सभांत त्यांनी वर्गणी गोळा करायची नाही. म्हणून त्या आपापल्या छोट्या बैठकांत दोन-दोन सेंट जमवीत राहिल्या. प्रत्येक विभागाची शाखा निराळी, खजिनदारीण निराळी. मासिकही काढले आणि ते स्वतःच्या वर्गणीवर चालवले.

त्या मासिकाचे नाव मात्र मला खटकते. ‘हीदन वुमन्स फ्रेंड’, म्हणजे विधर्मी बाईची मैत्रीण. ही विधर्मी बाई म्हणजे तुमची-माझी पणजी! १८९६ साली ते नाव बदलले, हे बरे झाले. दया करणाऱ्याच्या नजरेत थोडा तोरा असतोच. तरीही जमाखर्च पाहिला की त्यांना मानावे लागते.

पहिल्याच वर्षी इझाबेला थोबर्न यांना पाठवायचे ठरले तेव्हा खजिन्यात पुरेसे पैसे नव्हते. साधी सुती वस्त्रे नेसून हिंडू, पण बाईंना पाठवू, असे त्या सभेत निघाले. थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन जानेवारी १८७० मध्ये मुंबईला उतरल्या. थोबर्नबाईंनी त्याच वर्षी लखनौच्या अमिनाबाद बाजारातल्या एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू केली. आजचे इझाबेला थोबर्न कॉलेज ते हेच. स्वेन यांना बरेलीत रामपूरच्या नवाबाने १८७१ मध्ये जमीन व वाडा दिला आणि १८७४ मध्ये तिथे स्त्रियांचे इस्पितळ उघडले.

आपल्या बेळगावातही लंडन मिशनचे १८२० पासूनचे काम १९०४ मध्ये मेथडिस्टांकडे आले. म्हणजे हा इतिहास अगदीच दूरचा नाही.

पुढे १९४० मध्ये ही सोसायटी इतर संघटनांबरोबर ‘वुमन्स सोसायटी ऑफ ख्रिश्चन सर्व्हिस’मध्ये मिळाली. १९६४ मध्ये चर्चने परदेशातल्या कामाचा कारभार स्त्रियांच्या विभागाकडून काढून सर्वसाधारण मंडळाकडे दिला. १८६९ मध्ये ज्याला नाही म्हटले, तेच ९५ वर्षांनी झाले. कारण सांगितले ते एकत्रीकरणाचे. वर्गणी देणे काही थांबले नाही. व्यवस्थापनशास्त्रात याला काय म्हणतात ते म्हणोत, मला हा तोट्याचा व्यवहार वाटतो.

आपल्याकडे गल्लोगल्ली स्त्री-शक्ती संघ आहेत, भिशी तर आजीच्या काळापासून आहे. बायका दर आठवड्याला पैसे भरतात, पण वही लिहायला कोणाचा तरी मुलगा लागतो. आमच्या गल्लीतल्या संघाची वही बी.कॉम.चा विद्यार्थी म्हणून माझ्याकडे आली. ती मी महिनाभर लिहिली. आता दोघी मावशींना शिकवतो आहे. एक मराठीत लिहितात, दुसऱ्या कानडीत. नावे-जमा दोघींनाही समजले आहे. शिल्लक त्या अजून बोटांवर मोजतात आणि ती माझ्या कॅलक्युलेटरशी जुळते.