दोन मार्कांची माणसं

माझं बी.ए. चार वर्षांत झालं. दुसऱ्या वर्षाला बाप अंथरुणाला खिळला, मी एमआयडीसीत रात्रपाळी धरली आणि दोन पेपर राहिले. मागनं सुटले. घरातली पहिली पदवी म्हणून आईनं गल्लीभर साखर वाटली. आता कळतंय, माझ्यामुळं विद्यापीठाचं नुकसान झालं.

चेष्टा नाही करत. दिल्लीचं शिक्षण खातं २०१६ पासून विद्यापीठांची क्रमवारी लावतं. एनआयआरएफ म्हणतात तिला. यादी आली की कुणी कुलगुरू पेढे वाटतो, कुणी तोंड लपवतो. पेपरवाले नंबर छापतात. नंबर कशानं लागतो ते कोण छापतो? म्हणून २०२४ चा आराखडा घेऊन बसलो. हिशेब चौथीच्या पोराला जमेल असा आहे.

एकूण मार्क १००. शिकवणं-साधनं ३०, संशोधन ३०, निकाल आणि पीएच.डी. २०, सर्वसमावेशकता १०, लौकिक १०. सर्वसमावेशकता म्हणजे आपण, असं वाटलं. आत डोकावलो. त्या १० मधले ३ परराज्यातून-परदेशातून आलेल्यांचे, ३ बायकांचे, २ अपंगांच्या सोयींचे. उरले २. ते मागासांचे, गरिबांचे. तेही ज्या पदवीच्या पोरांची पूर्ण फी परत मिळते तेवढीच मोजून. परभणीच्या खेड्यातनं एस.टी.नं आलेला पोरगा परराज्यातला नाही, म्हणजे त्या ३ मध्ये त्याचं काही नाही.

आता उलटी बाजू बघा. निकालाच्या २० मधले १२ मार्क ठरलेल्या मुदतीत पास होणाऱ्यांचे. तीन वर्षांचा कोर्स तीनच वर्षांत. ऊसतोडीला गेलेला, शिष्यवृत्ती रखडली म्हणून परीक्षेचा फॉर्म न भरलेला, रात्रपाळीवाला मी, सगळे त्यातून बाद. आम्हाला आत घेतलं तर २ मधला तुकडा, आणि आम्ही उशीर केला तर १२ वर घाला! मग प्रवेशाच्या खिडकीवर आमच्याकडं बघून कपाळाला आठी पडणारच की.

मोजूच नका, असं माझं म्हणणं नाही. मास्तर तासाला येत नाही, लायब्ररीला कुलूप, हे बाहेरच्या माणसानं येऊन बघितलंच पाहिजे. पण बघतात काय? माझ्या कॉलेजात नॅकची समिती आली तेव्हा होस्टेलच्या भिंतींना रंग लागला, फुटक्या संडासांना बाहेरून कडी लागली आणि आम्हाला तीन दिवस गावाकडं पिटाळलं. समितीनं स्वच्छता पाहिली. ती स्वच्छता म्हणजे आमची गैरहजेरी होती.

आणि लौकिकाचे १०. नोकऱ्या देणाऱ्यांना आणि प्राध्यापक मंडळींना विचारायचं, तुमच्या मते चांगलं विद्यापीठ कुठलं. म्हणजे आपल्या पाचपट किंमत नावाला. दोस्तांनो, नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात आपली घरं जळली, माणसं मेली, आणि विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. १९५० साली त्याच औरंगाबादेत बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, पुढं ते मिलिंद झालं. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी धरली नव्हती त्या घरांतली पोरं तिथं शिकली. ते कॉलेज या तक्त्यात कितवं आलं असतं?

आपल्याला रकाने पाहिजेत. घरातले पहिले पदवीधर किती. मधे गळालेल्यांतले किती परत आले आणि त्यांना आणायला विद्यापीठानं काय केलं. शिष्यवृत्ती किती महिने अडली. दिल्ली हे उद्या मोजणार नाही, म्हणून आपण सुरू करू. तुमच्या वर्गात पहिल्या वर्षाला आपले किती होते, शेवटच्या वर्षाला किती उरले, गेले ते कुठं गेले, ते लिहून पाठवा. नावं नकोत, आकडे पाहिजेत. पुढच्या अंकात छापतो, आणि तो अंक घेऊन कुलगुरूंच्या दारात सगळ्यांनी जायचंय.