रेफरन्स आहे का, बॉस?

ऑफिसात व्हेकन्सी निघाली की पहिली हालचाल एचआरमध्ये होत नाही, व्हॉट्सॲपवर होते. 'कुणी चांगला माणूस आहे का?' मग कुणी मावसभावाचा सीव्ही पाठवतं, कुणी कॉलेजच्या ग्रुपमधल्या मित्राचा. तो जॉईन झाला की पाठवणाऱ्याला रेफरल बोनस. सगळे खूश! लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात ही आयडिया एकदम मॉडर्न वाटते. पण मंडळी, याच जमिनीवर ती शंभर वर्षांपूर्वीही चालायची.

परळ-लालबागच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस आत घ्यायचा, वर दस्तुरीही उकळायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभे, आणि आत कोण जाणार ते जॉबरच्या मर्जीवर.

यात दार बंद झालं ते दलितांना. सूतकताईत त्यांना काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात नो एन्ट्री. का? तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दलिताच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट संपाच्या नेत्यांपुढे मांडला. कारण हा भेद एकटा मालक पाळत नव्हता, शेजारी उभा असलेला कामगारही पाळत होता.

१९३५ मध्ये मिलमालक संघाने बदली कामगारांना कार्डं दिली, जॉबरला थोडा लगाम बसला. आता धोटाही नाही, जॉबरही नाही. आडनाव मात्र आहे! सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगवेगळी. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: दलित आणि मुस्लिम नावांना कॉल कमी.

उपाय फार महागडे नाहीत. जागा निघाली की जाहीर करा. पहिल्या चाळणीत सीव्हीवरचं नाव-पत्ता झाका. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, आणि मुलींना 'लग्न कधी?' हा प्रश्न तर नकोच. रेफरन्सने आलेल्यालाही तीच टेस्ट द्या.

मला विचाराल तर खरी गंमत आपल्या हातात आहे. पुढचा सीव्ही फॉरवर्ड करताना एकदा बघा, ज्याची त्या ऑफिसात कुणाशीच ओळख नाही असं कुणी आपल्या माहितीत आहे का? बोनस तेवढाच मिळतो!