मणके बसवणाऱ्याला विचारणार कोण?

गेल्या पावसाळ्यात मार्केट यार्डातले एक हमाल पाठ दुखते म्हणून माझ्याकडे आले. पोती उचलणाऱ्याची पाठ दुखायचीच, असे धरून मी गोळ्या दिल्या, मलम दिले आणि वर "वाकू नका" असा सल्लाही दिला. हमालाला वाकू नका सांगणारा डॉक्टर, म्हणजे काय म्हणावे! असे दोन महिने गेले. बारीक ताप येतो का, वजन उतरले का, हे मी विचारायला हवे होते, एक्स-रे काढायला हवा होता. दोन्ही केले नाही. ही माझी चूक आधीच कबूल करतो, कारण पुढे मी दुसऱ्यांविषयी लिहिणार आहे.

गुण येईना तेव्हा त्यांच्या मुलाने मोबाइलवर मणके 'बसवण्याचे' व्हिडिओ पाहिले आणि वडिलांना शहरात नेले. तिथे नावाआधी 'डॉ.' आणि खाली 'कायरोप्रॅक्टिक' अशी पाटी होती. पालथे झोपवून पाठीवर झटका, कट्‌दिशी आवाज. दोन दिवस बरे वाटले. चार वेळा असे झाल्यावर पायातली ताकद जाऊ लागली. मग एम.आर.आय. झाला आणि मणक्याचा क्षय निघाला. औषधे लागू पडली, आज ते चालतात, पण यार्डातले काम सुटले.

मुलगा मला भेटायला आला. रागावलेला नव्हता, पण सरळ विचारले, "डॉक्टर, तुमची तक्रार करायची झाली तर कुठे करायची?" मी सांगितले, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. "आणि त्यांची?" ग्राहक आयोग आहे, पोलीस आहेत, एवढेच मला सांगता आले. त्यांची नोंद ठेवणारी, त्यांचा परवाना काढून घेणारी कायदेशीर परिषद आपल्याकडे नाही.

वाचकहो, मणका बसवणे आपल्याला नवे नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, हे आपल्या आजीने सांगितलेले आहेच. हाडवैद्य गावोगाव होते. पण कायरोप्रॅक्टिक हा अमेरिकेतला रीतसर धंदा आहे, त्याची कॉलेजे आहेत, पदवी आहे आणि सव्वाशे वर्षांचे राजकारणही आहे. ते राजकारण कळले की मुलाच्या प्रश्नाचे मोल कळते.

१८९५ साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. कानाची नस पाठीच्या मणक्यातून जात नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण पामर यांनी त्यावर सिद्धांत रचला. मणका किंचित सरकला, म्हणजे 'सबलक्सेशन' झाले, की नस दबते आणि रोग होतो. जवळजवळ सगळेच रोग! परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून १९०६ साली त्यांना तुरुंगात जावे लागले.

पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यात शेगातारो मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला झाला. वकिलाने बचाव केला, की आमचे शास्त्रच वेगळे, आम्ही रोग बघत नाही, सबलक्सेशन बघतो. मोरिकुबो सुटले. तेव्हापासून 'उपचार' म्हणायचे नाही, 'ॲडजस्टमेंट' म्हणायचे, ही भाषा या धंद्यात मुरली. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. जे कोर्टात सुटण्यासाठी उपयोगी पडले, ते तत्त्वज्ञान होऊन बसले. एकदा सबलक्सेशन सोडले की वेगळेपण जाते, वेगळेपण गेले की वेगळा परवाना कशाला, असे कोणीही विचारील. मग सोडणार कोण?

धंद्यात पहिल्यापासून दोन तट पडले. 'स्ट्रेट' म्हणजे फक्त मणका, दुसरे काही नाही. 'मिक्सर' म्हणजे मणक्याबरोबर व्यायाम, शेक, आहार सगळे. पामर यांचे चिरंजीव बी. जे. हे स्ट्रेटांचे पुढारी. १९२४ साली त्यांनी पाठीचे तापमान मोजून सबलक्सेशन दाखवणारे एक यंत्र काढले आणि ते विकत न देता भाड्याने घ्या म्हणाले. तेव्हा त्यांचेच लोक त्यांच्यावर उलटले, प्राध्यापक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळे कॉलेज काढले. कॅन्सस राज्याने १९१३ साली परवान्याचा पहिला कायदा केला आणि लुइझियानाने १९७४ साली शेवटचा. एकसष्ट वर्षे ही लढाई राज्याराज्यांतून चालली. त्यात रोग्याला विचारले कोणी?

आता आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिक संपवणे हेच तिचे उद्दिष्ट होते. डॉक्टरांनी त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे नीतीला सोडून ठरवले गेले. १९७६ साली काही कायरोप्रॅक्टरांनी दावा लावला आणि १९८७ साली न्यायमूर्ती सुसान गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला, की हा बहिष्कार स्पर्धा मारणारा आणि बेकायदा आहे. १९९० साली अपिलातही तो टिकला. मात्र या निकालाने कायरोप्रॅक्टिक शास्त्र म्हणून सिद्ध झाले असे कोणी समजू नये, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले होते. हे अर्धे वाक्य आमचे डॉक्टर सांगतात, अर्धे ते लोक सांगतात. आमची काळजी रोग्याची होती हे खरे, गल्ल्याची नव्हतीच असे मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. २०१४ साली आपल्या राज्यात होमिओपॅथांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा मिळाली, तेव्हा आमच्या बैठकांत झालेली भाषणे मी ऐकली आहेत. सगळीच काही रोग्यांसाठी नव्हती.

मग यातून कोणी मार्ग काढला का? ब्रिटनने बराचसा काढला. तिथे १९९४ साली कायरोप्रॅक्टर कायदा झाला, परिषद स्थापन झाली आणि २००१ पासून नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणे गुन्हा झाला. परिषदेवर आज निम्मे सदस्य त्या धंद्याबाहेरचे आहेत. ही परिषद कामाला कशी आली ते पाहा. २००८ साली सायमन सिंग या मूळ पंजाबी घराण्यातल्या विज्ञानलेखकाने 'गार्डियन'मध्ये लिहिले, की तान्ह्या मुलांची पोटदुखी, दमा यांवर मणका दाबण्याच्या उपचाराला पुरावा नाही. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. चिडलेल्या लोकांनी शेकडो कायरोप्रॅक्टरांच्या जाहिराती तपासून परिषदेकडे तक्रारी केल्या. एप्रिल २०१० मध्ये संघटनेने दावा मागे घेतला आणि त्याच वर्षी परिषदेने जाहीर केले, की सबलक्सेशनमुळे रोग होतो असा दावा करण्याइतका पुरावा नाही. संघटना सभासदांची बाजू घेते, ते तिचे कामच आहे. परिषदेचे काम दुसरे. आपल्याकडे या दोहोंत नेहमी गल्लत होते, डॉक्टरांच्या बाबतीतसुद्धा.

परिषद असली की सगळे सुरळीत होते असेही नाही. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालील मुलांचे मणके हाताळण्यास २०१९ साली मंडळाने मनाई केली, २०२३ अखेरीस ती उठवली, आणि आरोग्यमंत्र्यांनी कान धरल्यावर २०२४ मध्ये पुन्हा घातली. पण कान धरायला तिथे कान तरी होता.

सगळेच थोतांड आहे असे माझे म्हणणे नाही. साध्या कंबरदुखीत मणका हाताळण्याने काहींना आराम पडतो. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ साली व्यायामाच्या जोडीने तो चालेल, असे म्हटले आहे. परदेशात चार-चार वर्षे शिकून आलेले कायरोप्रॅक्टर आपल्या मोठ्या शहरांत आहेत. चार शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणाऱ्याच्या रांगेत त्यांनाही उभे राहावे लागते, कारण दोघांना वेगळे करणारी नोंदवही नाही. फिजिओथेरपिस्टांना परिषद आहे. तशी नोंदवही या मंडळींनी स्वतः मागावी आणि परिषदेवर निम्मे लोक बाहेरचे घ्यावेत, अगदी हमालाचा मुलगाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, पाय लुळा पडत असेल, लघवी तुंबत असेल किंवा बसायच्या जागी बधिरपणा असेल, तर कोणाच्याही झटक्याखाली पाठ देऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनीही देऊ नये. मानेला झटका तर घेऊच नये. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू होतो. 'मणक्यात गॅप आहे' असे कोणी म्हटले तर फोटोवर दाखवा म्हणावे. आणि समोरच्याला नोंदणी क्रमांक विचारावा. मी माझा आता केसपेपरवर ठळक छापून घेतला आहे, खाली कौन्सिलचा पत्ताही टाकला आहे. आमचा कंपाउंडर म्हणतो, साहेब, हे कशाला? त्या मुलाने अजून तक्रार केलेली नाही. मागच्या आठवड्यात वडिलांच्या गोळ्या न्यायला आला, तेव्हा केसपेपर उलटसुलट करून वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.