भंगाराला भाव, कागदाला वाली नाही

माझगावला लागून असलेल्या दारूखान्यात २०१४ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका तोडण्यात आली. १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या समुद्रात पराक्रम गाजविलेल्या या नौकेचे संग्रहालय काही वर्षे मुंबईत होते. परंतु तिच्या देखभालीचा भार कोणालाच पेलला नाही आणि अखेर सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. त्या वेळी हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. तीतून घ्यावयाचा बोध मात्र अद्याप घेतला गेलेला नाही.

जहाज जतन करणे महाग, कागद जतन करणे त्या मानाने फारच स्वस्त. तरीही कागदच आधी नष्ट होतो. भंगाराला भाव असल्यामुळे त्याचा लिलाव होतो व लोकांना ते कळते तरी. जुने आराखडे, हजेरीपट, पत्रव्यवहार यांना रद्दीखेरीज भाव नाही. म्हणून ते केव्हा नाहीसे झाले याचा पत्ताही लागत नाही. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना, पण खरेदीदार कोणीच नाही, तिची जबाबदारी शासनानेच उचलावी, हा अर्थशास्त्राचा साधा पाठ आहे.

१९६० साली शासनाच्या मालकीच्या झालेल्या माझगाव गोदीत ‘निलगिरी’ या युद्धनौकेचे १९६८ साली जलावतरण झाले आणि १९७२ साली ती नौदलात दाखल झाली. आराखडा मूळ ब्रिटिश. तो पोलादात उतरविणारे हात येथील कामगारांचे. ती पिढी आता उतारवयात आहे आणि तिची ओळखपत्रे, छायाचित्रे, वह्या चाळींच्या पुनर्विकासाबरोबर रद्दीत जात आहेत. १९४६ च्या खलाशांच्या उठावास परळ-लालबागच्या कामगारांनी जी साथ दिली, तिच्या घरोघरच्या खुणाही अशाच पुसल्या जात आहेत.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने आणि संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणाने पंचवीस वर्षांहून जुन्या कागदपत्रांची वाट मोकळी केली आहे, हे खरे. पण ती सरकारी दप्तरापुरती. कामगाराच्या ट्रंकेतील कागद तेथे पोहोचत नाही. गुप्ततेची सबबही येथे टिकणारी नाही. ‘निलगिरी’ स्वतःच १९९६ साली निवृत्त झाली.

तेव्हा गोदी, नौदल, राज्य पुराभिलेख संचालनालय व मुंबई विद्यापीठ यांनी मिळून माझगावातच एक संग्रह आणि अभ्यासिका उभारावी, वृद्ध कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. २०२५ साली याच गोदीतून त्याच नावाची नवी ‘निलगिरी’ नौदलात दाखल झाली. निदान तिचे दप्तर तरी रद्दीच्या तराजूत जाऊ नये.