एम. फार्म.चं दुसरं वर्ष कारखान्यात जावं




भंडारा जिल्ह्यात औषधांचा मोठा कारखाना नाही, मग इथल्या मुलामुलींनी एम. फार्म. करायचं कशाला, असा सूर हल्ली पालकांच्या बोलण्यात सारखा ऐकू येतो. बी. फार्म. झालं की मेडिकल स्टोअर टाकावं, नाहीतर एमआर व्हावं. पुढं शिकायचंच असेल तर पुणे-मुंबई गाठावी. यातलं अर्धं मला पटतं. आज ही पदवी जशी मिळते तशी ती न घेतलेलीच बरी. पण त्यात जिल्ह्याचा काय दोष? दोष आहे तो दुसऱ्या वर्षाचा.

फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एम. फार्म. चार सत्रांचं आहे. पहिली दोन सत्रं वर्ग आणि प्रयोगशाळेत जातात, पुढचं वर्ष मुख्यतः संशोधनाचं. ‘फार्मास्युटिक्स’ शाखेचा विद्यार्थी या वर्षात औषधाला रूप द्यायला शिकतो, म्हणजे गोळी, सिरप, मलम, इंजेक्शन. प्रत्यक्षात काय होतं? विषय ठरलेले असतात. पोटात तरंगणारी गोळी, तोंडात विरघळणारी गोळी, कोरफडीचं जेल. औषध बदलायचं, पॉलिमर बदलायचा, बाकीची प्रकरणं मागच्या बॅचच्या प्रबंधातून उचलायची. गोळ्या बनतात शे-दोनशे. कारखान्यातली एक बॅच लाखांत असते, आणि खरा अभ्यास तिथंच सुरू होतो. प्रयोगशाळेत शहाण्या मुलासारखं वागणारं मिश्रण मोठ्या मशीनवर गोळी दाबणाऱ्या पंचला चिकटतं, गोळीची टोपी उडते, हॉपरमध्ये बारीक पावडर खाली बसून वजन हलायला लागतं. हे कुठल्याही पुस्तकातून हाताला कळत नाही. मी उमेदीची सगळी वर्षं गोळ्यांच्या उत्पादन विभागात काढली. एम. फार्म. झालेले, पण बॅच रेकॉर्ड, म्हणजे बॅचची लेखी नोंद, कधी पाहिलेलीही नाही असे उमेदवार मुलाखतीला येत. हुशार असायचे बिचारे, पण त्यांना कुणी कारखान्याचं दार दाखवलेलं नसायचं.

हा नुसता नोकरीचा प्रश्न असता तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातली मुलं खोकल्याच्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत दाखल होत होती. वीसहून अधिक मुलं दगावली. कांचीपुरमच्या कारखान्यातल्या त्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं; मर्यादा आहे ०.१ टक्का. महाराष्ट्राला हे विष नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनानं भेसळलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. जवळपास चाळीस वर्षांनीही चूक तीच. कच्च्या मालाचा आलेला प्रत्येक ड्रम वापरण्याआधी तपासायचा, एवढा साधा नियम कुणीतरी पाळला नाही. औषधनिर्मितीचे सुधारलेले नियम, म्हणजे शेड्यूल एम, केंद्रानं २०२३ च्या डिसेंबरात काढले. छोट्या कारखान्यांना मुदतवाढही दिली. नियम पाळणारी माणसं मात्र राजपत्रातून निघत नाहीत. ड्रमचा नमुना घेणारा, ‘नापास’ असा शेरा मारून मालकाशी भांडणारा माणूस घडवायचा तर तो शिकत असतानाच तिथं उभा राहिला पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याचं. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार काय असतो हे सांगावं लागत नाही. त्याचं मुख्य औषध हायड्रॉक्सीयुरिया. ते बहुधा ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळतं. मात्रा ठरते वजनावर, सुरुवातीला किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास. दहा किलोच्या पोराला दीडशे-दोनशे मिलिग्रॅम द्यायचे तर आईनं घरी कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची. हे पेशींवर मारा करणारं औषध, उघड्या हातानं धरूच नये असं. आयसीएमआरनं २०२४ मध्ये मुलांसाठी कमी मात्रेचं रूप तयार करायला कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले, त्याच वर्षी एका भारतीय कंपनीनं तोंडानं घ्यायचं द्रावणही आणलं. म्हणजे वाट आहे. लाखांदूरच्या पत्र्याखालच्या मेडिकलमध्ये मे महिन्यात ते द्रावण किती टिकेल, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्यानं घ्यायचा नाही तर कुणी? औषध टिकतं का हे घाईनं तपासायला ते ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. आपल्याकडचा उन्हाळा ४० वर थांबत नाही. आणि असं औषध हाताळायची सुरक्षित सोय महाविद्यालयात नसते, ती अशी औषधं बनवणाऱ्या कारखान्यात असते. म्हणूनही दुसरं वर्ष तिकडं न्यायला हवं.

प्रबंधाचा विषय आपल्या शेतातही आहे. आपण धान पिकवतो. तांदळाचा स्टार्च हा गोळी बांधायला आणि पोटात फुटायला वापरायचा मान्य पदार्थ. गिरणीतल्या कणीपासून औषधाच्या दर्जाचा स्टार्च काढायला काय लागेल, यावरचा एक नीट प्रबंध कोरफडीच्या दहा जेलांहून कामाचा ठरेल.

कारखाने कुठं आहेत, असं विचारणाऱ्यांना सांगतो, नागपुरात. कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज आहे, मिहानमध्ये ल्युपिन आहे. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. कंपन्या गुपितं फुटतील म्हणून विद्यार्थ्यांना आत घेत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण गुपित असतं नव्या सूत्रात. ड्रम तपासणं, मशीन साफ झालं की नाही हे सिद्ध करणं, जुन्या गोळीचं वजन का हलतं ते शोधणं, यात कसलं गुपित? गोपनीयतेचा करार करावा आणि असेच विषय द्यावेत.

मोठ्या संस्थेची वाट पाहण्यात अर्थ नाही. २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात महाराष्ट्राला ‘नायपर’, म्हणजे औषधशिक्षणाची राष्ट्रीय संस्था, जाहीर झाली. दहा वर्षं उलटली तरी चालू असलेल्या सात नायपरांत महाराष्ट्रातलं एकही नाही. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या कारखान्याची कोनशिला २०१३ मध्ये बसली, कारखाना काही उभा राहिला नाही. आपण कोनशिलांच्या बाबतीत बरेच श्रीमंत आहोत.

त्यामुळं मागणी साधी ठेवतो. महाविद्यालयं ज्याला संलग्न आहेत त्या विद्यापीठानं फार्मास्युटिक्सच्या संशोधन वर्षातले निदान सहा महिने परवानाधारक कारखान्यात सक्तीचे करावेत, आणि कारखान्यातल्या अनुभवी माणसाला सहमार्गदर्शक म्हणून मान्यता द्यावी. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळते. ती नसलेल्यांचा नागपूरचा राहण्या-जेवणाचा खर्च राज्यानं उचलावा. आणि प्रत्येक महाविद्यालयानं मागच्या पाच वर्षांतल्या प्रबंधांचे विषय, काम कुठं झालं त्यासह, प्रवेशाच्या वेळी फळ्यावर लावावेत. फी भरायच्या आधी बापाला ती यादी वाचता आली पाहिजे.

आपला,
एक निवृत्त उत्पादन अधिकारी, तुमसर