पिकण्याचे दिवस

केस पिकतात, आंबा पिकतो आणि भातही पिकते. आपल्या भाषेने या तिन्हींसाठी एकच क्रियापद ठेवले आहे, आणि ते काही शब्दांची चणचण होती म्हणून नव्हे. आपण शहरातली माणसे मात्र हा शब्द केसांच्या बाबतीत कुरकुरत उच्चारतो आणि आंब्याच्या बाबतीत मिटक्या मारत! पिकणे म्हणजे काय हे खरोखर पाहायचे असेल, तर नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या वीस गुंठ्यांच्या भातखाचरापाशी जाऊन उभे राहावे. वीस गुंठे म्हणजे उणापुरा अर्धा एकर. पण एका घराचे वर्ष त्यात उभे असते.

आपली समजूत अशी, की रोप कोवळे असते तेव्हा नाजूक आणि पिकले की भक्कम. माणसाबद्दलही आपण तेच धरून चालतो. पोरवय जपायचे; पुढे कसली काळजी? भाताचा हिशेब उलटा आहे. लावणीतून सावरलेले रोप आषाढ-श्रावणाचा पाऊस अंगावर घेते. वाऱ्याने आडवे केले, तरी हिरव्या ताटाच्या पेरांत अजून वाढ शिल्लक असते. ते पेरापाशी वळते आणि पुन्हा मान वर करते. पुढे भात पोटरीत येते, निसवते, फुलोरा धरते. त्याचे इवलेसे फूल सकाळी उमलते आणि तास-दीड तासात मिटूनही जाते. नेमकी त्याच वेळी पावसाची झड बसली, तर तेथला दाणा फोल राहण्याची भीती. तेवढे निभावले की दाण्यात दूध भरते, दुधाचा चीक होतो आणि महिन्याभरात लोंबी आपल्याच वजनाने वाकते. पण तोवर ताट वाळत आलेले असते, पेरांतली वाढ थांबलेली असते. आता ते पडले, तर आपले आपण उठत नाही. भरलेपण आणि ठिसूळपण शेतावर हातात हात घालून येतात.

२०१९ सालची दिवाळी कोकणातला शेतकरी सहजी विसरणार नाही. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते, आणि त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ घोंघावत होते. ते किनाऱ्यावर आले नाही. पश्चिमेकडे सरकत समुद्रातच विरून गेले. पण त्याच्यामागून आलेल्या पावसाने कापणीला आलेली खाचरे झोपवली. कापून पसरलेले भात भिजले, पाण्यात पडलेल्या लोंब्यांना मोड आले. चार महिन्यांचे कष्ट शेवटच्या चार दिवसांत गेले.

अशाच एका खाचराच्या बांधावर एका वृद्ध शेतकऱ्यांना मी विचारले, "काका, अजून खाली थोडे हिरवे दिसते आहे. विळा लावायची घाई नाही का होत?"

"लोंबी शेंड्याकडनं पिकत येते," ते म्हणाले. "बुडाचे दाणे मागं राहतात. त्यांची वाट बघत बसलं, तर शेंड्याचे गळून जातात. सगळं पिकायची वाट बघणारा निम्मं भुईला देतो."

शेतीशास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी दाणे पिवळे झाले की कापणी करावी, असा त्याचा दंडक आहे. फार आधी कापले, तर दाणा कच्चा राहतो आणि गिरणीत त्याची कणी होते. फार उशिरा कापले, तर दाणा शेतातच झडतो. म्हणजे प्रश्न घाईचा नाही, वेळ ओळखण्याचा आहे.

मग काकांनी सहज, कोणाची तक्रार न करता, आपल्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. तो मुंबईला नोकरीला होता. निवृत्त झाला की गावी येणार, दोघे मिळून शेत करणार, असे ठरलेले. निवृत्त झाला, पण मुलाच्या नोकरीसाठी थांबला. मग मुलीच्या लग्नासाठी थांबला. मग घराचे हप्ते फिटू देत म्हणाला. हप्ते फिटले त्या वर्षी तो गेला. "त्याच्या वाटणीची चार दाढं अजून वेगळी धरतो मी," काका म्हणाले आणि विळा परजून खाली उतरले.

आपल्या घराघरांतून असाच एखादा हिरवा दाणा राखून ठेवलेला असतो. हे एवढे होऊ दे, मग आईला घेऊन तिच्या माहेरच्या गावी जाऊ; ते तेवढे मिटू दे, मग थोरल्या भावाशी बोलू. शंभरावा दाणा पिवळा होण्याची वाट पाहण्याला आपण समंजसपणा म्हणतो. पण प्रौढपणा म्हणजे सगळे मार्गी लागणे नव्हे. पुष्कळसे भरले आहे, थोडे अपुरे राहणार आहे, आणि आभाळाचा भरवसा नाही, हे ओळखून विळा उचलणे, हाच प्रौढपणा.

आणि जे पिकून पडले, त्याचे काय? त्या दिवाळीत माणसे फराळ बाजूला ठेवून गुडघाभर चिखलात उतरली. मूठ मूठ कापून त्यांनी भात बांधावर, ओटीवर, जागा मिळेल तिथे वाळत घातले. सगळे वाचले नाही. पण जे वाचले ते हात लागला म्हणून. हिरवे आपले आपण उठते, पिकलेल्याला उचलावे लागते. घरातल्या पिकल्या केसांच्या माणसांकडे पाहताना हे ध्यानात असलेले बरे.

कोकणात दसऱ्याला दारावर 'नवे' बांधतात. त्यात भाताच्या ताज्या लोंब्या असतात. त्या वेळी बरेचसे पीक अजून शेतातच उभे असते. ते घरात येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. तरी सण थांबत नाही. हाती आलेल्या चार लोंब्या तोरणात गुंफून उंबऱ्यावर लावल्या जातात, आणि मग माणूस कापणीला निघतो.